विश्लेषण : घाटात हरवणारं ९१.१ – खासगी एफएम सुरू कसं झालं, महागात कुणाला पडलं आणि त्यावर आजही बातम्या का नाहीत?

मुंबईहून पुण्याला गाडीने निघालेल्यांना हा अनुभव नवा नाही. पनवेल मागे पडतं, खोपोलीनंतर घाट सुरू होतो आणि गाडीतलं ९१.१ खरखरायला लागतं. बोगद्यात आवाज पूर्ण जातो. लोणावळ्याच्या पुढे कधीतरी तो परत येतो. रेडिओला कुणी हात लावलेला नसतो, पडद्यावर आकडा तोच असतो, पण आरजे वेगळा असतो, जाहिराती वेगळ्या असतात आणि ट्रॅफिकची माहिती सायन-पनवेलची नाही, तर चांदणी चौकाची असते.

यामागचं तंत्र सोपं आहे. एकाच आकड्यावर दोन शहरांचे सिग्नल आले तरी एफएमचा रिसीव्हर त्यांची भेळ करत नाही. दोघांपैकी जो स्पष्टपणे जोरात येतो, त्याला तो धरतो आणि दुसऱ्याला दाबून टाकतो. त्यात एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, मध्ये सह्याद्री आला की अडतात. त्यामुळे घाटाच्या अलीकडे मुंबई, पलीकडे पुणे आणि मधल्या पट्ट्यात खरखर.

पण दोन्ही शहरांत आकडा एकच का? तो पहिल्यापासून एकच नव्हता. ९१.१ म्हणजे रेडिओ सिटी. देशातलं पहिलं खासगी एफएम स्टेशन याच कंपनीचं. या एका स्टेशनची गोष्ट पाहिली की मुंबई-पुण्याचाच काय, देशातला अख्खा एफएमचा व्यवहार समजतो. कारण सरकारने केलेल्या जवळपास प्रत्येक प्रयोगात हे स्टेशन होतं.

रेडिओवर जाहिरात आली कुठून?

भारतीयांना जाहिरातींच्या रेडिओची सवय लावली ती सिलोनने. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती व प्रसारणमंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर चाहते असलेल्या केसकरांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लावली. श्रोते उठले आणि रेडिओ सिलोनकडे गेले. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' तिथेच वाढली. टूथपेस्टच्या जाहिरातीवर चालणारा कार्यक्रम घराघरांत पोहोचू शकतो, हे त्यातून भारतीय जाहिरातदारांना कळलं.

सरकारलाही ते कळलं, जरा उशिरा. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि सिनेसंगीत परत आलं. जाहिराती यायला आणखी दहा वर्षं गेली. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि पहिली तीन केंद्रं महाराष्ट्रातली होती : मुंबई, पुणे, नागपूर. म्हणजे देशी व्यापारी रेडिओची सुरुवात याच राज्यातून झाली.

एफएम हे तंत्र भारतात १९७७ मध्ये मद्रासला आलं, पण बरीच वर्षं ते कोपऱ्यात पडून होतं. १९९३ मध्ये आकाशवाणीने दिल्ली आणि मुंबईच्या एफएमवरचे तास खासगी कंपन्यांना विकायला काढले. ट्रान्समीटर सरकारचा, आवाज खासगी. 'टाइम्स एफएम' आणि 'रेडिओ मिड-डे' ही नावं चाळिशीपुढच्या मुंबईकरांना आठवत असतील. १९९८ मध्ये ही व्यवस्था बंद झाली. या कंपन्यांकडे निवेदक होते, श्रोते होते, जाहिरातदार होते. नव्हतं ते स्वतःचं स्टेशन.

दार मात्र आधीच किलकिलं झालं होतं, तेही क्रिकेटमुळे. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या या निकालाचा गाभा असा, की हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, आणि त्यांचं नियमन लोकहितासाठी व्हायला हवं. खटला टीव्हीचा होता. पण लहरी त्याच, त्यामुळे रेडिओचा प्रश्नही आपसूक सुटला.

पहिलं स्टेशन बंगळूरुला का?

१९९९ मध्ये केंद्राने धोरण आणलं. ४० शहरांत १०८ फ्रिक्वेन्सी लिलावात काढल्या. म्युझिक ब्रॉडकास्ट प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीने काही शहरांचे परवाने घेतले आणि ३ जुलै २००१ रोजी बंगळूरुला 'रेडिओ सिटी' सुरू केलं. परवाना या कंपनीचा, तर कार्यक्रम आणि जाहिरातविक्री 'स्टार'कडे, अशी ती जोडी होती. थेट परदेशी गुंतवणुकीला तेव्हा रेडिओत मुभा नव्हती.

बंगळूरुला पुढची जवळपास पाच वर्षं दुसरं खासगी स्टेशनच नव्हतं. अख्खं शहर आणि एक स्टेशन. आयटी कंपन्यांच्या बसमध्ये, रिक्षात, दुकानात ९१ एफएम. सुरुवातीला इंग्रजी आणि हिंदी गाण्यांचा भर होता, कन्नड कमी. पुढे स्पर्धा आली, तेव्हा श्रोत्यांनी काय हवं ते दाखवून दिलं. आज त्याच स्टेशनवर कन्नड गाणी वाजतात.

मुंबईत पाच स्टेशनं आली, मग घोडं कुठे अडलं?

२००२ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या हवेत एकदम पाच खासगी स्टेशनं आली. रेडिओ सिटी, रेडिओ मिर्ची, रेड एफएम, गो ९२.५ आणि विन ९४.६. पहिले काही महिने शहरभर मोठमोठी होर्डिंग्ज, बक्षिसांच्या स्पर्धा, फोन-इन कार्यक्रम. निवेदक हा शब्द मागे पडला आणि 'आरजे' आला. आकाशवाणीचं शुद्ध, संथ बोलणं ऐकून वाढलेल्यांना हे नवे लोक वटवट करणारे वाटले. कॉलेजातल्या मुलांना ते आपल्यासारखे वाटले. रेडिओ सिटीने सकाळच्या कार्यक्रमाला पुढे 'कसं काय मुंबई' असं नाव दिलं, पण नाव मराठी आणि गाणी हिंदी हा प्रकार तिथेही होताच.

वरून सगळं झगमगीत होतं. आतला हिशेब वेगळाच होता.

लिलावात मुंबईच्या एका फ्रिक्वेन्सीची बोली ९ कोटी ७५ लाखांवर गेली होती. ही एकदाच भरायची रक्कम नव्हती, दर वर्षी भरायची होती. वर अट अशी, की हे शुल्क दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढणार. स्टेशनला जाहिरात मिळो न मिळो.

चक्रवाढीचं गणित करून पाहा. दुसऱ्या वर्षी ११ कोटी २१ लाख. चौथ्या वर्षी १४ कोटी ८३ लाख. दहाव्या वर्षी ३४ कोटींच्या वर. दहा वर्षांची बेरीज जवळपास १९८ कोटी. हे फक्त सरकारला द्यायचे, तेही एका शहरातल्या एका स्टेशनसाठी. त्यानंतर ट्रान्समीटर, वीज, पगार, जागेचं भाडं आणि गाण्यांची रॉयल्टी.

दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढणारा खर्च पेलायचा, तर उत्पन्नही निदान तेवढ्याच वेगाने वाढायला हवं. रेडिओ हे भारतातलं जाहिरातीचं सगळ्यात लहान दुकान. पेपर आणि टीव्हीच्या बजेटमधून उरलेले पैसे इकडे यायचे. त्यामुळे लिलावात हात वर केलेल्या अनेकांनी स्टेशन काढलंच नाही. १०८ पैकी शेवटी १२ शहरांत मिळून २१ स्टेशनं उभी राहिली. मुंबईतलं विन ९४.६ नवं धोरण येण्याआधीच बंद पडलं. त्या स्टेशनवर सुरुवात केलेली मलिष्का मेंडोन्सा पुढे रेड एफएमची सर्वात ओळखीची आरजे झाली, हा त्यातला बरा भाग. स्टेशन मात्र परत आलं नाही.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. 'सगळ्या एफएमवर तीच ती गाणी का वाजतात?' या तक्रारीचं मूळ बऱ्याच अंशी या आकड्यांत आहे. शुल्क ठरलेलं आणि वाढतं असेल, तर स्टेशन प्रयोग करत नाही. शास्त्रीय, भावगीतं, लोकसंगीत, जुनी मराठी नाटकं यांचा श्रोता कमी असतो असं गृहीत धरलं जातं आणि सगळे जण एकाच श्रोत्याच्या मागे लागतात. पाच दुकानं, पाचही दुकानांत एकच माल. आरजेंना दोष देणं सोपं आहे, पण गाण्यांची यादी ते ठरवत नाहीत. ती संगणकावर आधीच लावलेली असते. त्यांच्या वाट्याला येतं ते दोन गाण्यांमधलं काही सेकंदांचं बोलणं, ज्याला या धंद्यात 'लिंक' म्हणतात.

२६ जुलैला रेडिओने काय केलं?

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. लोकल थांबल्या, वीज गेली, मोबाइलचं नेटवर्क कोलमडलं. टीव्हीवर बातम्या होत्या, पण टीव्हीला वीज लागते. चालू होता तो बॅटरीचा रेडिओ आणि अडकलेल्या गाड्यांमधला रेडिओ.

त्या रात्री खासगी स्टेशनांनी गाणी बाजूला ठेवली आणि निरोप सांगायला सुरुवात केली. अमुक जण सुखरूप आहे, तमुक रस्ता बंद आहे, या भागात पाणी चढतंय, अमुक ठिकाणी आसरा मिळेल. नियमानुसार खासगी एफएमवर बातम्या द्यायला बंदी होती. पण 'कुर्ल्यात पाणी आहे, इकडे येऊ नका' ही बातमी की सूचना, हे ठरवत बसायला त्या रात्री कुणाकडेच वेळ नव्हता. मुंबईत एफएमला 'टाइमपास'च्या पलीकडची ओळख मिळाली ती तेव्हा.

नियम बदलले आणि आकडेही

योगायोग असा, की त्याच महिन्यात, १३ जुलै २००५ रोजी, केंद्राने दुसऱ्या टप्प्याचं धोरण जाहीर केलं होतं. ठरावीक वाढीव शुल्काची पद्धत स्टेशनं मारते आहे, हे अमित मित्रा समितीने आणि नंतर 'ट्राय'ने सांगून झालं होतं. नव्या पद्धतीत प्रवेशशुल्क एकदाच आणि त्यानंतर दर वर्षी ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के. धंदा झाला तर सरकारला जास्त, नाही झाला तर कमी. या आकड्याला एक किमान मर्यादा होती, तरीही आधीच्या चक्रवाढीपेक्षा हे कितीतरी सुसह्य.

लगेच फरक दिसला. ९१ शहरांत ३३८ फ्रिक्वेन्सी निघाल्या आणि पहिल्या टप्प्यातली धरून २४५ स्टेशनं सुरू झाली. महाराष्ट्रातल्या मध्यम शहरांत खासगी एफएम पोहोचलं ते याच काळात. रेडिओ सिटीचंच पाहिलं तर पुणे, नागपूर, सोलापूर, सांगली, जळगाव, अकोला, नांदेड आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर). यातल्या अनेक गावांत स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या चौकांची नावं घेऊन बोलणारा रेडिओ लोकांनी पहिल्यांदाच ऐकला. सराफ, साड्यांची दुकानं, क्लासेस, बिल्डर हे इथले जाहिरातदार. त्यांना टीव्हीवर जाणं परवडत नव्हतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. दुसऱ्या टप्प्यात फ्रिक्वेन्सींची मांडणी नव्याने झाली. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. शेजारच्या दोन स्टेशनांनी एकमेकांच्या अंगावर चढू नये म्हणून एकाच शहरात त्यांच्यात ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर ठेवलं गेलं. आता हे आकडे ओळीने वाचा : ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. प्रत्येकात ०.८ चा फरक. ही ओळ अनेकांना रेडिओ सिटी, बिग, रेड, रेडिओ वन अशी पाठ असते. त्यामागची शिडी मात्र फारशी कुणाच्या लक्षात येत नाही.

या फेरमांडणीमुळे कंपन्यांना बहुतेक शहरांत एकच आकडा मिळवता आला. रेडिओ सिटीचं ९१ होतं ते ९१.१ झालं. मुंबईतलं गो ९२.५ पुढे रेडिओ वन ९४.३ झालं. आकडा म्हणजेच ब्रँड, त्यामुळे पुण्यातली आणि मुंबईतली होर्डिंग्ज एकसारखी छापता येऊ लागली. घाटात आकडा न बदलता स्टेशन बदलतं ते यामुळे.

गाणी फुकट वाजतात का?

नाही, आणि एफएमचं दुसरं मोठं भांडण इथलंच आहे. संगीत कंपन्यांची बाजू अशी, की तुमचं दुकान आमच्या मालावर चालतं. रेडिओ कंपन्यांची बाजू अशी, की तुमचं गाणं लोकांपर्यंत आम्ही पोहोचवतो. आधी हिशेब तासावर होता. प्रत्यक्ष गाणं वाजलेल्या तासाला 'नीडल अवर' म्हणतात, तबकडीवर सुई टेकवण्याच्या काळातला हा शब्द. दर तासामागे ठरलेली रक्कम. मुंबईच्या स्टेशनला आणि लहान गावातल्या स्टेशनला हे ओझं सारखं वाटणं शक्यच नव्हतं.

वर्षानुवर्षं खटले चालले. रेडिओ सिटीची कंपनीही त्यात होती. २५ ऑगस्ट २०१० रोजी कॉपीराइट बोर्डाने निकाल दिला, की स्टेशनने जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम रॉयल्टी म्हणून द्यावी. परवाना शुल्कात जे २००५ मध्ये झालं, तेच इथे पाच वर्षांनी झालं : ठरावीक रकमेऐवजी उत्पन्नातला वाटा. संगीत कंपन्यांना हा वाटा तुटपुंजा वाटला. ३१ डिसेंबर २०२० रोजी बौद्धिक संपदा अपील मंडळाने दरांची नवी रचना ठरवली आणि काही महिन्यांत केंद्राने ते मंडळच गुंडाळलं. त्यामुळे वाद न्यायालयात परत.

एफएमवर बातम्या का नाहीत?

हा प्रश्न श्रोत्यांना क्वचितच पडतो, कारण नसलेली गोष्ट ऐकू येत नाही. गल्लीतलं केबल चॅनेल बातम्या देतं, मोबाइल घेऊन कुणीही यूट्यूबवर बातम्या देतं, २४ तास चालणारी शेकडो वृत्तवाहिन्या आहेत. पण परवाना असलेलं, कोट्यवधी रुपये शुल्क भरणारं एफएम स्टेशन स्वतःची एक ओळ बातमी देऊ शकत नाही.

पहिल्या दोन टप्प्यांत बंदी सरसकट होती. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात फट ठेवली, की आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं पुन्हा प्रसारित करा, त्यात कानामात्रा बदलायचा नाही. शिवाय काही विषय 'बातमी नाही' असं म्हणून मोकळे केले : वाहतूक, हवामान, सण-उत्सव, परीक्षा आणि निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज, पाणी, आपत्ती, आरोग्य यांच्या सूचना.

यादी नीट वाचली तर खोच कळते. 'उद्या पाणी येणार नाही' हे सांगता येतं. 'पाणी का येणार नाही' हे विचारलं की ती बातमी होते. म्हणून आरजे प्रश्न विचारायचे तर विनोदातून विचारतात. जुलै २०१७ मध्ये मलिष्काने मुंबईच्या खड्ड्यांवर आणि महापालिकेवर विडंबनगीत केलं, तेव्हा राजकारण किती तापलं होतं हे अनेकांना आठवत असेल. गाण्याला परवानगी आहे, बातमीला नाही, अशा नियमातून असं गाणंच निघणार.

बंदीमागचं सरकारचं कारण सुरक्षेचं आहे. गावोगावच्या प्रसारणावर लक्ष ठेवणं कठीण, अफवा किंवा चिथावणी पसरू शकते. कारण अगदीच पोकळ नाही. पण २००१ मध्ये ते जितकं पटत होतं तितकं आज, प्रत्येकाच्या खिशात व्हॉट्सअॅप असताना, पटत नाही. ५ सप्टेंबर २०२३ रोजी 'ट्राय'ने केंद्राला शिफारस केली, की खासगी एफएमला दर तासाला १० मिनिटांपर्यंत बातम्या आणि चालू घडामोडी देऊ द्याव्यात. शिफारस म्हणजे निर्णय नव्हे.

मालक बदलले, किमती पडल्या

रेडिओ सिटीतून 'स्टार' बाहेर पडलं, गुंतवणूक निधी आला आणि २०१५ मध्ये 'दैनिक जागरण'च्या जागरण प्रकाशनने कंपनी घेतली. तिसऱ्या टप्प्यात नाशिक आणि कोल्हापूर धरून ११ नवी शहरं मिळाली आणि एकूण आकडा ३९ वर गेला. मार्च २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. शेअरची किंमत ३३३ रुपये. तेव्हा रेडिओची हवा चांगली होती. त्याच तिसऱ्या टप्प्याच्या २०१५ च्या लिलावात मुंबईतल्या एका फ्रिक्वेन्सीने १२० कोटींचा टप्पा ओलांडला होता.

त्यानंतरची उतरण समजून घ्यायला शेजारच्या ९२.७ कडे पाहावं लागतं. मे २०१९ मध्ये रेडिओ सिटीच्या कंपनीने बिग एफएम विकत घ्यायचं जाहीर केलं. ठरवलेलं मूल्य १,०५० कोटी रुपये. सरकारी मंजुरी वेळेत आली नाही, मग करोना आला आणि व्यवहार बारगळला. बिग एफएमची कंपनी पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२४ मध्ये ती सफायर मीडियाकडे गेली, ती सुमारे २६१ कोटींच्या प्रस्तावावर. पाच वर्षांत किंमत साधारण पाव.

करोनाच्या वर्षात रेडिओचं उत्पन्न जवळपास निम्म्यावर आलं होतं. दुकानं बंद, गाड्या बंद, क्लासेस बंद. जाहिरात देणार कोण आणि ऐकणार कोण? एफएम सर्वात जास्त ऐकलं जातं ते प्रवासात. ऑफिस घरी आलं तेव्हा सकाळचा तो तासच नाहीसा झाला. दुकानं पुन्हा उघडली तोवर सराफाचं आणि क्लासवाल्याचं जाहिरातीचं बजेट मोबाइलकडे वळलं होतं. तिथे किती जणांनी जाहिरात पाहिली याचा आकडा रोज मिळतो. रेडिओचं मोजमाप मात्र मोजक्या महानगरांपुरतं राहिलं, तेही श्रोत्यांनी वहीत भरलेल्या नोंदींवर.

सरकार स्वतः रेडिओचं मोठं गिऱ्हाईक आहे. सरकारी जाहिरातींचा मूळ दर २०१५ पासून १० सेकंदांना ५२ रुपये होता, २०२३ मध्ये तो ७४ केला गेला. त्यावर शहर आणि श्रोत्यांनुसार गुणाकार होतो. तरी लहान शहरातल्या स्टेशनचा महिन्याचा हिशेब कसा जुळत असेल, याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

तुमच्या फोनमध्ये एफएम आहे का?

ही बातमी तुम्ही ज्या फोनवर वाचताय, त्यात कदाचित एफएमची चिप असेलही आणि तरी रेडिओ लागणार नाही. अनेक फोनमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथच्या चिपमध्येच एफएम रिसीव्हर असतो. कंपनी तो बंद ठेवते किंवा अॅप देत नाही. दुसरी अडचण अँटेनाची. ९१.१ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३.३ मीटर. तिला पकडायला त्याच्या पाव लांबीची, म्हणजे सुमारे ८२ सेंटिमीटरची तार चांगली. इअरफोनची वायर जवळपास तेवढीच असते. म्हणूनच फोन 'इअरफोन लावा' असं सांगतो, ऐकण्यासाठी नाही, लहर पकडण्यासाठी. फोनमधून ३.५ मिमीचा जॅक गेला आणि त्याबरोबर अँटेनाही गेली.

अॅपवर रेडिओ ऐकता येतो हे खरं, पण त्याला डेटा लागतो आणि नेटवर्क लागतं. २६ जुलैसारख्या रात्री नेमकं तेच नसतं. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने फोन कंपन्यांना सूचना केली, की चिप असेल तर एफएम चालू ठेवा, आपत्तीच्या वेळी त्याचा उपयोग होतो. 'ट्राय'नेही हेच सांगितलं. ही सूचनाच होती, सक्ती नाही. आयफोनवर आजही अँटेनाचा रेडिओ लागत नाही.

पुढे काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० फ्रिक्वेन्सींच्या लिलावाला मंजुरी दिली. वार्षिक शुल्क तेच, उत्पन्नाच्या ४ टक्के, आता जीएसटी वगळून. यादीत महाराष्ट्रातली लातूर, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया, मालेगाव, बार्शी अशी गावं आहेत. मातृभाषेतला स्थानिक मजकूर वाढावा, हा यामागचा सरकारचा हेतू. मालेगावच्या किंवा बार्शीच्या बोलीत बोलणारं स्टेशन कुणाला नको असेल? पण ते चालवायचं तर स्थानिक जाहिरातदार हवा आणि लोकांनी रेडिओ लावायला कारण हवं. गाणी फोनवर आहेतच. गावची बातमी हे एक चांगलं कारण ठरलं असतं, आणि तिलाच परवानगी नाही.

मुंबई-पुण्याच्या जुन्या स्टेशनांपुढची तारीख वेगळी आहे. तिसऱ्या टप्प्यात आलेल्या स्टेशनांचा परवाना १ एप्रिल २०१५ पासून १५ वर्षांचा आहे, म्हणजे ३१ मार्च २०३० पर्यंत. त्यानंतर पुन्हा लिलाव, पुन्हा प्रवेशशुल्क, की दुसरी काही पद्धत, हे सरकारला त्याआधी ठरवावं लागेल. ९१.१ चालू ठेवण्यासाठी किती मोजायचे, हा हिशेब कंपन्यांना तेव्हा पुन्हा एकदा मांडावा लागणार आहे. २००० सालच्या लिलावात हात वर केलेल्यांपैकी कितीजणांचा हिशेब चुकला, हे त्यांना माहीत आहे.